बांगड्या, मंगळसूत्र आणि सातबारा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

४ मे २०२२ ला आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनं तसाच ठराव केला. १७ मे ला ग्रामविकास विभागाचं परिपत्रकही निघालं, की बाकीच्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचं बघून पाऊल उचलावं.

मला या ठरावांचा मनापासून अभिमान आहे. पण माणूस गेल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत घरात जे होतं, तिथं ग्रामपंचायत नसते. पुरुष अंगणात तिरडी बांधत असतात. आत बायका त्या बाईला अंघोळ घालतात, मळवट भरतात, वेणी माळतात, हिरवा चुडा भरतात, आणि मग ते सगळं एकेक करून काढून घेतात. तिला काही विचारण्याची पद्धत नाही. विचारलं तरी ती काय सांगणार, तिला त्या वेळी कुणी पाणी दिलं तरी कळत नसतं. आणि हे हातानं करणाऱ्या बहुतेकदा आधीच्या विधवाच असतात. ज्यांच्याबरोबर हे झालं, त्यांनाच पुढच्या बाईबरोबर करायला उभं करायचं, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

गेल्या श्रावणात माझे चुलते गेले. चुलत बहीण नर्स आहे, ती आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आईच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही." भावकीतल्या दोघी-तिघी तावातावानं बोलल्या, मग थांबल्या. थांबल्या त्या बहिणीच्या आवाजामुळं नव्हे. काकांनी आजारपणातच सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं, "माझ्यामागं हिचं काही काढायचं नाही." गेलेल्या माणसाचा शब्द कुणाला मोडता येईना.

म्हणून विचारते. तुमच्याकडं काय झालं? कुणी थांबवलं, कसं थांबवलं? आणि तेराव्यानंतर पुढं त्या बाईचं काय झालं, हेही लिहा.

---

नाना_वाईकर

कृष्णाकाठ ताई, चांगला विषय. मी सत्तरीतला माणूस, थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

माझे मेहुणे गेले तेव्हा मीच बहिणीला म्हणालो, अक्का, राहू दे सगळं, आता कोण पाळतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ज्याच्या नावाचं घातलं तो गेला, आता मला नको." तिनं स्वतः मंगळसूत्र काढून देवघरात ठेवलं. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईचं ते दुःख होतं. त्यात जबरदस्ती कुठं आहे? उद्या ठराव झाला म्हणून तिला कुणी "कुंकू लाव" म्हणायला लागलं तर तीही सक्तीच होईल.

आणि जुन्या बायकांना सगळेच दोष देतात. त्या दुष्ट नसतात हो. त्यांना वाटतं, हे केलं नाही तर मेलेल्याला गती मिळणार नाही.

---

जुनी_पाने

नानाकाका, अक्कांनी स्वतः काढलं यात आणि दुसऱ्यांनी ओढून काढलं यात फरक आहेच, तो तुम्ही नेमका मांडलात. पण "पूर्वीपासून सगळे हेच करत आले" असं जे बोललं जातं, त्यावर थोडं लिहिते.

विधवा म्हटलं की आता लोकांच्या डोळ्यापुढं पांढरी साडी येते. ती आपल्याकडची जुनी गोष्ट नव्हे. महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरांत विधवेला तांबडं आलवण, म्हणजे साधं लुगडं, असायचं, डोक्यावरून पदर, आणि त्याखाली केशवपन केलेलं डोकं. दर काही दिवसांनी न्हावी घरी यायचा. आठ-दहा वर्षांच्या मुलींनाही यातून सुटका नव्हती.

याउलट शेतकरी आणि कारागीर जातींत पाट लागायचा, म्होतूर लागायचं. विधवा बाई दुसरं घर करायची, त्यात गावाला काही वावगं वाटत नसे. मग एखाद्या घराकडं पैसा आला, प्रतिष्ठा आली, की "आमच्यात पाट लावत नाहीत" हे अभिमानानं सांगायला सुरुवात व्हायची. म्हणजे ज्यांच्याकडं मोकळीक होती त्यांनी मोठं दिसण्यासाठी बंधनं उचलली. "परंपरा" म्हणून आपण जे सांभाळतो त्यातलं बरंचसं असं दोन-तीन पिढ्यांपूर्वी उचललेलं आहे.

थांबवणाऱ्यांची परंपराही तितकीच जुनी आहे, ती आपण का नाही सांगत? जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, त्यावर पेपरांतून बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारलं की बायको मेल्यावर पुरुषाला काही सोडावं लागत नाही, मग बाईलाच का? १८९० च्या सुमारास कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. हे मला फार मोलाचं वाटतं. ज्यांच्या हातून ते काम करून घेतलं जात होतं त्यांनीच हात मागं घेतला.

कृष्णाकाठ, तुम्ही म्हणता त्या "आधीच्या विधवा" जर म्हणाल्या, की आम्ही हात लावणार नाही, तर अर्धं काम तिथंच होईल.

---

निशिगंध

पहिल्यांदाच लिहितेय इथे. मी शिक्षिका आहे, वय ३८. एप्रिल २०२१ मध्ये कोविडनं नवरा गेला.

माझं कुंकू कुणी पुसलं नाही, बांगड्या कुणी फोडल्या नाहीत. कारण कुणी आलंच नाही. त्याला दवाखान्यातून परस्पर स्मशानात नेलं, मी स्वतः पॉझिटिव्ह होते, मुलगी शेजारच्या खोलीत. दाराशी डबा ठेवून लोक निघून जायचे. त्या दिवसांत मला या गोष्टी आठवल्यासुद्धा नाहीत. गळ्यात मंगळसूत्र होतं तसं राहिलं.

घरी लोक यायला लागले ते पावसाळ्यात. सासरच्या नात्यातल्या एक बाई भेटायला आल्या, रडल्या, चहा घेतला, आणि निघताना हळूच म्हणाल्या, "ते तेवढं उरकून घ्यायला हवं होतं गं." माझी सासू आतून बाहेर आली. माझी सासू चौथी शिकलेली, आयुष्यात मोठ्यानं बोललेली मी पाहिली नाही. ती म्हणाली, "माझा मुलगा गेला तेव्हा तुम्ही कुणी आला नाहीत. आता हिचं काढायला येऊ नका."

मग मी मंगळसूत्र घालत राहिले. शाळा दुसऱ्या गावात, एसटीनं जाणं-येणं, संध्याकाळी अंधार. गळ्यात ते असलं की प्रवासात नजरा बदलतात, हे प्रत्येक बाईला माहीत आहे. त्यावरूनही बोलणी खाल्ली. "नवरा नाही तरी मिरवते." काढलं असतं तर "वर्षही झालं नाही, मोकळी झाली" म्हणाले असते.

पुढं एके दिवशी मला स्वतःलाच ते नकोसं झालं. सोनाराकडं दिलं आणि मुलीसाठी कानातलं करून घेतलं. टिकली लावते, ती मी शाळेत असताना, लग्नाच्या आधीपासून लावत होते. ती कुणाच्या नावाची नव्हतीच कधी.

नानाकाका, तुमच्या अक्कांचं मला पटतं. त्यांना त्यांचा वेळ मिळाला. मलाही मिळाला, पण तो एका महामारीमुळं मिळाला.

---

मुक्ता_पु

निशिगंध, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मला मात्र या सगळ्या मोहिमांबद्दल एक अडचण आहे. "मंगळसूत्र राहू द्या, कुंकू राहू द्या" यात आपण असंच म्हणतोय ना, की बाईनं सवाष्ण दिसणं म्हणजे सन्मान? पुरुषाच्या अंगावर लग्नाची एकही खूण नसते, त्यामुळे बायको गेली तरी त्याचं काही काढायचं नसतं. मुळात खुणाच नकोत. हळदीकुंकवाला विधवांना बोलावण्यापेक्षा हळदीकुंकूच बंद करा.

---

काळी_माती

मुक्ताताई, पुण्यात बसून बरोबरच वाटते ते. मी यवतमाळ जिल्ह्यात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या बायकांबरोबर काम करते, तिकडचं सांगते.

आमच्याकडं नवऱ्यानं फवारणीचं औषध घेतलं की पहिला ठपका बायकोवर. पांढऱ्या पायाची. घरात राहायचं त्याच माणसांत, त्याच गावात. विहिरीवर, लग्नात, बारशात ती समोर आली की लोक वाट बदलतात. तिच्यासाठी हळदीकुंकवाचं बोलावणं म्हणजे सवाष्ण दिसण्याची हौस नाही. गावानं तिला परत माणसांत घेतलं की नाही, हे तिला तिथं कळते. हळदीकुंकू बंद केलं तर बाकीच्या बायकांचा एक कार्यक्रम जाईल. तिचं वाळीत पडणं तसंच राहील.

आम्ही संक्रांतीला असा कार्यक्रम घेतला तेव्हा पहिल्या वर्षी ज्यांच्यासाठी घेतला त्याच आल्या नाहीत. सवाष्णींपैकी कुणाला कुंकू लावलं आणि उद्या तिच्या घरी काही झालं, तर माझ्यावर येईल, ही भीती. एक म्हातारी आजी आली, तिनं सगळ्यांना आपल्या हातानं लावलं. दुसऱ्या वर्षी अंगण भरलं. वाण म्हणून आम्ही बियाणं आणि अर्जाचे कोरे फॉर्म दिले.

फॉर्म का, तर सरकारी मदत मिळायला प्रकरण पात्र ठरावं लागते. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कुणाच्या नावावर, थकीत होतं का. पात्र ठरलं तर एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. जमीन सासऱ्याच्या नावावर असली की अनेकदा तिथंच घोडं अडते. बाईचं कपाळ सगळ्या गावाला दिसते. सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का, हे कुणी बघत नाही.

---

मांडवीतीर

गोव्याहून. आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत नवरा गेल्यावर बाईनं काळे कपडे घालायचे, आणि जुन्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी ते मरेपर्यंत घातले. माझ्या शेजारची आजी तशीच होती. तिच्या सुनेनं वर्ष झाल्यावर फुलांचा झगा घातला आणि चर्चला गेली, कुणी काही म्हटलं नाही. हिंदू घरांत मात्र अजून लग्नाच्या पुढच्या रांगेत विधवा काकी-मावशी दिसत नाहीत. स्वतःहूनच मागं थांबतात. त्यांना हात धरून पुढं आणावं लागतं.

---

वकीलदादा

काळी_माती यांनी शेवटी लिहिलं तो मुद्दा पुढं नेतो. तालुक्याच्या कोर्टात काम करतो, दर महिन्याला अशी प्रकरणं येतात.

हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या वाट्याच्या मालमत्तेत बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि त्याची आई यांचा सारखा हिस्सा असतो. बायको ही पहिल्या वर्गाची वारस आहे. हा हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा असतो, पोटगी म्हणून दिलेला नसतो. तिनं पुढं दुसरं लग्न केलं तरी एकदा मिळालेला हिस्सा जात नाही. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात लग्नाला मान्यता होती, पण पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा. तो कायदा १९८३ मध्ये रद्दच झाला. १९५६ च्या कायद्यातलं कलम २४ पुनर्विवाह केलेल्या विधवा सुनेला सासऱ्याच्या वारशातून वगळत होतं, तेही २००५ च्या दुरुस्तीनं काढून टाकलं. तरी गावागावांत आजही सांगतात, "दुसरं केलं की जमीन गेली." साफ चूक आहे.

आता घडतं काय? वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत तलाठ्याकडं द्यायचा असतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, मग फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावांत बदलाची नोंद), नोटीस, आणि हरकत नसली की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हा सगळा काळ बाई कोपऱ्यात बसलेली असते. दीर किंवा सासरे कागद आणतात, "सही कर, बाकी आम्ही बघतो." ती कशावर सही करतेय हे तिला कुणी वाचून दाखवत नाही. पुढं कळतं की ते हक्कसोडपत्र होतं, किंवा वारसांच्या यादीत तिचं नाव मालकांत न घालता "इतर हक्कात" टाकलं होतं.

त्या दिवसांत तिच्या अंगावरचं काढून घेणं आणि तिचा हिस्सा काढून घेणं ही दोन वेगळी कामं नाहीत. पहिल्यातून तिला समजतं की आता या घरात तिला काही विचारलं जाणार नाही. मग दुसऱ्याला ती निमूट सही करते.

आणि बँकेबद्दल एक. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. दिराचं नाव नॉमिनी म्हणून असलं तरी पैसे वारसांचेच.

---

मरिना

चेन्नईत राहतो, बायको तमिळ. इकडं ताली, म्हणजे इकडचं मंगळसूत्र, काढण्याचा विधी आहे आणि तोही तितकाच कठोर. २०२३ मध्ये इरोड जिल्ह्यातल्या एका विधवा बाईला देवळाच्या उत्सवात येऊ नको म्हणून धमकावलं होतं, ती मद्रास उच्च न्यायालयात गेली. न्यायालयानं ठणकावून सांगितलं की कुणीही तिला अडवू शकत नाही, पोलिसांनी संरक्षण द्यावं. कोर्टात जायची हिंमत किती जणींत असते हा प्रश्न आहेच.

---

मुक्ता_पु

काळी_माती ताई, "परत माणसांत घेतलं की नाही" हे वाचून मी थांबले. मला खुणा नकोत हे माझं मत कायम आहे, माझ्या लग्नात मी मंगळसूत्र घातलं नाही. पण जिचं सगळं जग त्या अंगणात आहे तिच्याकडून आधी माझी लढाई लढून घ्यायची, हे बरोबर नाही. फॉर्मचं वाण फार आवडलं. तुमच्या पुढच्या संक्रांतीला मदत करायची आहे, व्यनि (खासगी निरोप) करते.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी जोडते.

हेरवाडच्या आधी या मोहिमेला सुरुवात केली ती करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी. त्यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं होतं की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर ही प्रथा लादू नये. मला ही कल्पना ठरावापेक्षाही जास्त उपयोगी वाटते, कारण ती थेट त्या आतल्या खोलीपर्यंत पोचते. माझ्या काकांचं तोंडी बोलणं जर एवढं काम करू शकतं, तर लिहिलेला कागद नक्की करेल. आमच्या घरात माझ्या नवऱ्यानं आणि दोन्ही दिरांनी असं लिहून सासूबाईंच्या हातात दिलं. वकीलदादांचं वाचून आता त्यात एक ओळ वाढवायला सांगणार आहे: वारस नोंदीचे कागद बायकोनं स्वतः वाचल्याशिवाय, तिच्या माहेरचं एक माणूस हजर असल्याशिवाय तिची सही घेऊ नये.

दुसरं, नानाकाका म्हणतात ती सक्तीची भीती. हेरवाडच्या ठरावात बाईनं काय घालायलाच हवं असं काही नाही. दुसऱ्यांनी काढायचं नाही, एवढंच आहे. तुमच्या अक्कांना त्या ठरावानं काही अडलं नसतं.

---

नाना_वाईकर

हे मान्य. अक्काला मी हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी काढलं ते बरोबर, पण मला नातीच्या लग्नात मागं बसवलं ते बरोबर नव्हतं." मला हे माहीतच नव्हतं. तिचा मुलगा पंधरा वर्षांपूर्वीच गेलेला, नातीला वाढवलं आजीनं आणि आईनं. कन्यादानाला मात्र मामा-मामी बसले, आणि या दोघी, सासू-सून, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. आम्ही सगळे पुरुष मांडवात होतो, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गती मिळत नाही वगैरे समजुती माझ्या पिढीच्या लवकर जाणार नाहीत. पण आमच्या घरात अक्काच्या धाकट्या नातीचं लग्न यंदा आहे. कन्यादानाला तिची आई बसेल. भटजींशी मी बोललो, त्यांनी हरकत घेतली नाही. घेतली असती तर दुसरे पाहिले असते.

---

निशिगंध

नानाकाका, वाचून डोळे भरून आले. पत्रिकेत अक्कांचं आणि आईचं नावही पहिलं घाला. "आमचे येथे" खाली कुणाची नावं छापायची यावरून घरात वाद झाला तर माघार घेऊ नका.

---

आवळी

वाचनमात्र होते, आज लिहिल्यावाचून राहवत नाही. वकीलदादा, माझा भाऊ गेल्या दिवाळीत गेला. वहिनी २९ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. दहाव्याच्या आदल्या दिवशी तिच्या सासरच्यांनी, म्हणजे आमच्याच घरच्यांनी, तीन-चार कागदांवर सह्या घेतल्या. ती आता माहेरी आहे आणि सासरचे म्हणतात, तुझा काही संबंध नाही, तू लिहून दिलंस. काही करता येईल का? बांगड्या वगैरे सगळं झालं तिचं, आम्ही कुणी थांबवू शकलो नाही.

---

वकीलदादा

ताई, करता येईल, आणि लवकर करा.

आधी बघा, त्या दिवसांत वहिनी दुय्यम निबंधक कार्यालयात गेल्या होत्या का? जमिनीचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं. घरात बसून घेतलेल्या साध्या कागदावरच्या सहीनं हक्क सुटत नाही. नोंदणी झाली असेल तर दिवाणी कोर्टात दावा लावून ते रद्द करून मागता येतं. फसवणूक किंवा दबाव होता हे दाखवावं लागेल, आणि मुदत समजल्यापासून तीन वर्षं. दिवाळी म्हणजे तुम्ही मुदतीत आहात.

दुसरं, मुलाचा हिस्सा वेगळा आहे. अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलाच्या वतीनं त्याची आईसुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याच्या मालकीची जमीन सोडू किंवा विकू शकत नाही. त्यांनी त्याच्या नावानं काही लिहून घेतलं असेल तर तो मुद्दा तुमच्या बाजूचा आहे.

आजच सातबारा आणि फेरफाराचा उतारा ऑनलाइन काढा. वारस नोंदीचा फेरफार अजून मंजूर झाला नसेल तर लेखी हरकत द्या, पोच घ्या. मंजूर झाला असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडं अपील आहे. वकिलाच्या फीची काळजी करू नका. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, कोर्टाच्या आवारातच कार्यालय असतं. वहिनींना स्वतः घेऊन जा, अर्जावर त्यांची सही लागेल. या वेळी कागद त्यांना आधी पूर्ण वाचू द्या.

तालुका कोणता ते व्यनित कळवा, तिथल्या ओळखीच्या वकील बाईंचं नाव देतो.